बाबांच्या माघारी दुकान माझ्या नावावर करताना

१४ मे २०२३ च्या पहाटे बाबा, म्हणजे माझे सासरे, गेले. तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी, २७ मेला, मी दुकानाचे शटर वर केले. पुण्यात सहकारनगरला आमचा १४० चौरस फुटांचा गाळा आहे. १९९४ पासून किराणा. गेली अकरा वर्षे दुपारचे गल्ल्यावर मीच बसत होते, त्यामुळे मालाचे, उधारीचे, गिऱ्हाइकांचे सगळे माहीत होते. कागदांचे मात्र काहीच माहीत नव्हते. ते सगळे बाबांकडे एका निळ्या फायलीत असायचे आणि त्या फायलीतल्या प्रत्येक कागदावर त्यांचेच नाव होते.

आमच्यासारख्या घरात हे पुष्कळदा होते. दुकान सगळ्यांचे असते, कागद एकाच्याच नावाचे. तो माणूस गेला की दुःख आवरायच्या आतच धावपळ सुरू होते. मी ही धावपळ जून २०२३ ते जानेवारी २०२४ अशी आठ महिने केली. कोणाला उपयोग होईल म्हणून जसे घडले तसे सांगते आहे.

पहिला धक्का गल्ल्यावरच्या क्यूआर कोडने दिला. तो बाबांच्या बचत खात्याला जोडलेला होता. ३० मेला यजमानांनी बँकेत मृत्यूची नोंद केली आणि खाते गोठले. त्या संध्याकाळी एक वहिनी तेल, साखर, चहा घेऊन उभ्या आणि त्यांच्या मोबाईलवरून पैसे जाईनात. दुपारपासूनच्या सगळ्यांचे असेच झाले होते. मी वहीत नावे लिहून माल दिला. बाबा गेल्यापासून खात्यात आलेले अकरा हजारांच्या वर पैसे अडकले, ते वारसनोंद असलेल्या आईंच्या (सासूबाईंच्या) खात्यात जुलैमध्ये आले. बँकेचा नियम बरोबरच आहे. पण कळवण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या खात्याचा क्यूआर काउंटरवर लावा, एवढे मला कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

दुकानाच्या नावाने चालू खाते उघडायला गेले तर बँकेने व्यवसायाचे दोन पुरावे मागितले. म्हणजे आधी शॉप ॲक्ट (दुकान-कायद्याखालची नोंद), दुसरे उद्यम (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी). म्हणून तिथून सुरुवात केली.

मृत्यूचा दाखला २ जूनला मिळाला. मी आठ प्रती घेतल्या आणि आठही लागल्या. गाळा सोसायटीत आहे, सोसायटीकडे आईंची वारसनोंद होती. माझ्या नावावर काहीच नव्हते. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी ‘जागा तुमची कशी?’ हा प्रश्न येणार होता. त्यासाठी आईंचे संमतीपत्र केले: माझी सून या गाळ्यात किराणा व्यवसाय करते आहे, माझी हरकत नाही. बरोबर आम्ही वारस असल्याचे प्रतिज्ञापत्र. कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याने ते शंभराच्या स्टँपपेपरवर करून दिले, सगळे मिळून ४५० रुपये घेतले. नंतर कळले, की सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालते. शंभर रुपयेच, पण तुमचे तरी वाचोत.

त्या संमतीपत्रावर सही करताना आईंचा हात थांबला. ‘यांच्या नावापुढे कैलासवासी लिहायलाच हवे का गं?’ एवढेच त्या म्हणाल्या. मग सही केली.

शॉप ॲक्टची मला फार भीती होती, आणि तेच सर्वांत सोपे निघाले. जुन्या १९४८ च्या कायद्यात नोंदणी आणि नूतनीकरण असे. २०१७ च्या नव्या कायद्यात तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागत नव्हती, धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत फक्त सूचना द्यायची. ऑनलाइन अर्ज, आधार, फोटो, सही, स्वयंघोषणापत्र आणि दुकानाचा पाटीसह फोटो. शुल्क २३ रुपये ६० पैसे. हो, एवढेच. आमच्या भागातल्या एका एजंटाने याच कामाचे मला बाराशे सांगितले होते. उद्यमची नोंदणी तर पूर्ण फुकट आहे, किरकोळ व्यापाऱ्यांनाही ती जुलै २०२१ पासून मिळते. तिचे तो आठशे मागत होता. वेळ नसेल तर एजंट जरूर करा, पण मूळ फी किती ते आधी बघून घ्या.

अडले ते पाटीच्या फोटोवर. आमची पाटी पत्र्याची, बाबांनी सुरुवातीलाच रंगवून घेतलेली. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत ‘प्रोव्हिजन स्टोअर्स’ आणि खाली मराठी बोटभर. मार्च २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्याआधी लहान दुकानांना मराठी पाटीतून सूट होती, ती गेली. आता प्रत्येक दुकानाची पाटी देवनागरीत हवी आणि मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान नको. हा नियम मला मनापासून पटतो. आमच्या गिऱ्हाइकांत ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही अशा मावशी कितीतरी आहेत आणि त्या तीस वर्षे ‘पिवळ्या पाटीचे दुकान’ अशीच खूण सांगत आल्या. तरीही ती पाटी उतरवताना पोटात तुटले.

फ्लेक्स नऊशेत झाला असता. मी हाताने रंगवणारा पेंटर शोधला, २,८०० रुपये घेतले त्याने. काम संपत आल्यावर त्याने विचारले, ‘ताई, प्रो. म्हणून कोणाचे नाव टाकू?’ आता माझे टाकायला हवे होते. मी माझेच टाकायला सांगितले, आणि दुकानाच्या नावात बाबांचे नाव होते ते तसेच ठेवले. १९ जूनला पाटी लागली, २० जूनला अर्ज भरला, सूचनेची पावती त्याच दिवशी मिळाली. पुढे २५ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा पुण्यातही सगळे जागे झाले. दिवाळीच्या तोंडावर त्याच पेंटरकडे तीन-तीन आठवड्यांची वाट बघावी लागत होती.

आता मुख्य गोष्ट, अन्न परवाना. इथे मी सर्वांत जास्त घाबरले आणि इथेच सर्वांत जास्त शिकले.

बाबांकडे अन्नसुरक्षेची मूलभूत नोंदणी होती, वर्षाला शंभर रुपये फीची. नोंदणीधारकाचे निधन झाले तर ती नोंदणी वारसांसाठी ९० दिवस चालू राहते, तेवढ्यात आपण अर्ज करायचा. मी कॅलेंडरवर मोजले: १४ मेपासून ९० दिवस म्हणजे १२ ऑगस्ट. वाटले, नाव बदलले की झाले. फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी संकेतस्थळावर बसले आणि उलाढालीच्या रकान्यापाशी हात थांबला. तेव्हाच्या नियमाने नोंदणी बारा लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला होती. त्यापुढे वीस कोटींपर्यंत राज्य परवाना लागायचा, किरकोळ विक्रेत्याला वर्षाला दोन हजार रुपये.

बारा लाख ऐकायला केवढे मोठे वाटतात! रोजचा हिशेब करा, ३,२८८ रुपये होतात. रोज एवढी विक्री झाली की वर्षाचे बारा लाख भरले. मी बाबांच्या वह्या काढल्या आणि दोन रात्री बसून मागच्या वर्षीच्या रोजच्या विक्रीची बेरीज केली. १८ लाख ४० हजारांच्या आसपास आली. त्यातून वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स जायच्या आधी हाती उरलेले पावणेदोन लाखांच्या आसपास. साखरेच्या किलोमागे आम्हाला दीड रुपया सुटतो, तेलाच्या पिशवीमागे तीन-चार. कायदा मात्र उलाढाल मोजतो, नफा नाही. दागिन्यांच्या किंवा कापडाच्या दुकानात अठरा लाखांच्या विक्रीचा अर्थ वेगळा, किराण्यात वेगळा. ही मर्यादा ठरवताना कोपऱ्यावरचे दुकान कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते असे मला वाटते, आणि हे मी तक्रार म्हणून स्पष्टच लिहिते आहे.

बाबांच्या काळात कधीतरी ही रेषा ओलांडली गेली आणि कोणाच्या ध्यानात आले नाही. भाव वाढत गेले, विक्री रुपयांत वाढली, किलोत नाही. त्यांनी जाणूनबुजून काही लपवले नव्हते हे त्यांच्या वह्याच सांगतात. दिवसाचा प्रत्येक आकडा तिथे आहे.

एजंट म्हणाला, ‘काकू, अकरा लाख टाका, कोण बघतंय.’ यजमानांचेही क्षणभर तेच मत झाले. मला ते जमले नाही. एकतर घोषणापत्रावर सही माझी असणार. दुसरे, उद्या कोणा गिऱ्हाइकाला माझ्या दुकानातल्या मालाने काही बाधले आणि चौकशी झाली तर पहिला कागद तोच निघेल. म्हणून नाव बदलण्याऐवजी माझ्या नावाने नवा राज्य परवाना काढायचा आणि जुनी नोंदणी परत करायची असे ठरवले.

१९ जुलैला अर्ज केला. अधिक श्रावण नुकताच लागला होता. अनारशांसाठी तांदूळ, गूळ, खसखस यांची एवढी मागणी, की दिवसभर मान वर करायला फुरसत नाही. अर्ज रात्री दहानंतर भरायचे. लागणारे कागद: फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा, मालकीहक्काचे घोषणापत्र, अन्नसुरक्षा व्यवस्थापनाबद्दलचे घोषणापत्र. ३ ऑगस्टला त्रुटी आली. वीजबिलावर बाबांचे नाव, संमतीपत्रावर आईंचे, अर्जावर माझे. तीन नावे, दुवा नाही. चूक माझीच होती, मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र मी जोडलेच नव्हते. त्रुटीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही तर अर्ज फेटाळला जातो आणि भरलेली फी जाते, त्यामुळे संदेश आला की त्याच आठवड्यात उत्तर द्या. मी ७ ऑगस्टला सगळे एकाच पीडीएफमध्ये क्रमाने लावून चढवले: दाखला, प्रतिज्ञापत्र, सोसायटीचे वारसनोंदीचे पत्र, संमतीपत्र, वीजबिल. वर एक पानभर साधे पत्र, कोण कोणाचे कोण ते सांगणारे. ते पत्र कोणी मागितले नव्हते, पण माझी खात्री आहे की काम त्यानेच झाले.

१२ ऑगस्ट उलटला तेव्हा परवाना हातात नव्हता. ते दिवस वाईट गेले. दुकानात कोणी अनोळखी माणूस हातात फाईल घेऊन आला की छातीत धडधडायचे. एकदा असा आलेला माणूस विमा विकणारा निघाला. अर्जाची पोच आणि फी भरल्याची पावती छापून गल्ल्यात ठेवली होती, तेवढाच आधार. तुम्ही माझ्यासारखे साठ दिवस हिशेबात घालवू नका. दाखला हाती आला की पहिला अर्ज हाच करा.

परवाना ११ सप्टेंबरला आला. चौदा आकडी क्रमांक, जुन्या नोंदणीचा २ ने सुरू व्हायचा, याचा १ ने. तो काउंटरच्या वर दिसेल असा लावला आणि क्रमांकाचा रबरी शिक्का १८० रुपयांत करून घेतला, कारण जानेवारी २०२२ पासून बिलावरही तो हवा.

वजनकाट्याचे काम मधल्या काळात चालू होते. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी, लोखंडी वजनांची दर दोन वर्षांनी. आमच्या काट्याची मुदत जूनमध्ये संपत होती. परवानाधारक दुरुस्तीवाल्यामार्फत तारीख घेतली आणि २३ जूनला शिक्का झाला, फी आणि मजुरी धरून ७५० रुपये. निरीक्षक मॅडम शांतपणे बोलणाऱ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या, त्या मला कुठल्याही अर्जात वाचायला मिळाल्या नव्हत्या.

आमचा काटा ३० किलोचा, पाच ग्रॅमच्या भागाचा. अशा काट्यावर शंभर ग्रॅमच्या खाली वजन करायचे नाही. मी तर लवंग, वेलदोडे, मिरी पावडर सगळे पन्नास-पन्नास ग्रॅम त्यावरच देत होते! त्या मापाला त्या काट्याचा भरवसा नाही, कधी गिऱ्हाईक बुडते, कधी आपण. मसाल्यासाठी वेगळा लहान काटा घेतला, ३,२०० रुपये.

दुसरी गोष्ट पुड्यांची. दुपारी गिऱ्हाईक नसते तेव्हा पोहे, रवा, शेंगदाणे, साबुदाणा यांचे अर्धा किलोचे पुडे भरून ठेवायची आमची जुनी पद्धत. बहुतेक दुकानांची असेल. पण गिऱ्हाईक समोर नसताना ठरावीक वजनाचा पुडा भरला की कायद्याने ते आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद वस्तूत जाते. मग त्यावर भरणाऱ्याचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क, सगळे छापलेले हवे आणि भरणारा म्हणून वेगळी नोंदणीही. गिऱ्हाइकासमोर मोजून दिले तर यातले काही लागत नाही. त्या दिवसापासून मी पुडे भरणे बंद केले. याची किंमत रुपयांत नाही, वेळात मोजावी लागते. संध्याकाळी सहा ते आठ गर्दीत प्रत्येकाला मोजून द्यायचे म्हणजे रांग लागते. आषाढीच्या आदल्या दिवशी साबुदाण्याला एवढी रांग लागली की तिघे-चौघे कंटाळून निघून गेले. ते कुठे गेले असतील ते मला माहीत आहे. फोनवर दहा मिनिटांत घरपोच मिळते हल्ली, छापील पुड्यात. नियमाचा हेतू चांगला आहे, फसवणूक थांबते. पण जिथे मशीन पुडे भरते तिथे तो सहज पाळला जातो आणि जिथे दोन हात भरतात तिथे त्याचे ओझे होते.

तिसरी गोष्ट बाबांच्या वजनांची. काउंटरखाली त्यांची जुनी तागडी आणि पन्नास ग्रॅमपासून पाच किलोपर्यंतची वजने होती. आम्ही ती वर्षानुवर्षे वापरत नव्हतो, आठवण म्हणून ठेवली होती. मॅडम म्हणाल्या, शिक्का नसलेली वजने दुकानात ठेवूच नका, वापरत नाही हे सिद्ध करत बसावे लागेल, घरी न्या. त्याच रात्री यजमानांनी ती पिशवीतून घरी नेली. आईंनी एकेक वजन ओल्या फडक्याने पुसले आणि देवघराच्या खालच्या फळीवर ओळीने मांडले.

महापालिकेशी दोनदा संबंध आला. ऑगस्टमध्ये कांदा-बटाट्याच्या जाळ्या शटरच्या रेषेबाहेर होत्या, पथकाने समज दिली. चूक आमचीच होती, पादचाऱ्यांची जागा ती. जाळ्या आत घेतल्या तर आत चालायला जागा उरेना, म्हणून बिस्किटांचे एक रॅक काढून टाकले. पुढे प्लास्टिकची तपासणी झाली. राज्यात जून २०१८ पासून बंदी आहे आणि पहिल्या वेळेला पाच हजार दंड. आमच्याकडे पिशव्या नव्हत्याच. मात्र दही आणि ओला नारळ न्यायला लोक अजून पिशवी मागतात, नाही म्हटले की पुढच्या दुकानात जातात. मी बचत गटातल्या बायकांकडून जुन्या साड्यांच्या पिशव्या दहा रुपयांना घेते, दहालाच देते, परत आणली की पैसे परत.

ऑक्टोबरमध्ये, नवरात्राच्या आधी, अन्नसुरक्षा अधिकारी येऊन गेले. परवाना बघितला, डब्यांची झाकणे बघितली, सुटे तेल विकत नाही ना हे विचारले. सुटी भगर आणि तिचे पीठ ठेवू नका, बंद पाकिटातलीच विका असे बजावले. उपासाच्या भगरीने विषबाधा झाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, त्यामुळे हे मला लगेच पटले. मार्केट यार्डातून भुसार आणताना आता प्रत्येक मालाचे बिल मागून घेते, कारण माल कुठून आला हे दाखवता आले पाहिजे.

शेवटचे राहिले होते ते व्यवसाय कराचे. वर्षाला २,५०० रुपये. पासष्टीपुढे माफी असल्याने बाबांना ते लागत नव्हते, त्यामुळे फायलीत त्याचा मागमूस नव्हता आणि माझ्या लक्षात यायला डिसेंबर उजाडला. जानेवारीत नावनोंदणी करून भरले. जीएसटी आम्हाला लागत नाही, मालाच्या विक्रीला चाळीस लाखांची मर्यादा आहे.

सगळा खर्च वहीत मांडला आहे: पाटी, काटे, परवाना, कर, प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स, रिक्षा मिळून बारा हजारांच्या आसपास. यातली सरकारी फी निम्मीही नाही. बाकीचा पैसा वस्तूंचा आणि फेऱ्यांचा. शिवाय अकरा वेळा दुपारचे दुकान बंद ठेवावे लागले, तो हिशेब मी मांडलेला नाही.

१२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. वर्षाच्या आत घरात सण नाही, पण दुकानातली पूजा चुकवायची नाही असे आईंचे म्हणणे. संध्याकाळी काउंटरवर नवी वही, शिक्क्याचे दोन्ही काटे आणि परवान्याची चौकट ठेवून मी हळदकुंकू वाहिले. वजने मात्र दुकानात आणता येत नव्हती. दुकान वाढवून साडेनऊला घरी गेले तर देवघरासमोर समई लागलेली होती आणि खालच्या फळीवरच्या प्रत्येक वजनावर आईंनी झेंडूचे एकेक फूल ठेवले होते.

परवान्याची मुदत १० सप्टेंबर २०२४ पर्यंतची होती. नवीन निळी फाईल केली आहे, तिच्या पहिल्या पानावर सगळ्या तारखा लिहिल्या आहेत, आणि ती फाईल कुठे असते हे घरातल्या चौघांनाही दाखवून ठेवले आहे.